तळ्यातली कोठी

सर, मागच्या आठवड्यात मी आमच्या गावच्या तळ्यावर पुन्हा यंत्र घेऊन गेले होते. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. इतकी वर्षं मी याच कामावर जगते आहे. बोटीवरून पाण्यात आवाज सोडायचा, तळाला आपटून परत आलेल्या आवाजाची नोंद घ्यायची आणि त्यावरून ज्याला हवा त्याला त्याच्या तळ्याच्या खोलीचा नकाशा करून द्यायचा. बंद पडलेल्या कोळसा खाणींत साचलेलं पाणी मोजलं, मोहर्लीकडच्या हॉटेलवाल्यांची तळी मोजली, वैनगंगेतले डोह मोजले. पण तालुक्याच्या सावलीहून गावाकडे जाताना तळ्याच्या पाळीचं, म्हणजे बांधाचं, टोक दिसायला लागलं की मी एसटीच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे बघत बसायचे. या वेळी सोसायटीनेच बोलावलं. आमच्या ढिवर मोहल्ल्याची मच्छीमार सोसायटी, जिच्यासमोर तुम्ही पाळीवर खुर्ची टाकून बसला होतात, तीच. काम आटोपून चंद्रपूरला परत आले आणि तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशी बोलणं सुरू आहे. बोलणं कसलं, भांडणच. म्हटलं, कागदावर तरी उतरवू.

तुमच्यावर रागवायला बसले तरी आधी डोळ्यांसमोर येतं ते तुमचं स्वयंपाकघर. तुम्ही सावलीच्या कॉलेजात भूगोल शिकवायचात आणि मला नकाशावरच्या त्या वेड्यावाकड्या रेषा काही केल्या कळायच्या नाहीत. सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, हे पाठ होतं, पण कागदावर त्या रेषा बघून डोंगर दिसत नव्हता. एका संध्याकाळी तुम्ही मला घरी घेऊन गेलात. काकू कणीक मळत होत्या. तुम्ही परातीतून कणकेचा गोळा उचलला, त्याचा डोंगर केला, पातेल्यात ठेवला आणि कपाने पाणी ओतायला लागलात. थोडं पाणी ओतायचं, पाणी जिथवर चढलं तिथे आगकाडीने रेघ मारायची, पुन्हा ओतायचं. मग सगळं पाणी काढून टाकलंत आणि मला म्हणालात, वरून बघ. मी वाकून बघितलं आणि तो डोंगर मला एकदम कागदावर दिसला. मग तुम्ही मूठ दाबून त्याच गोळ्यात खड्डा केला आणि म्हणालात, आता हेच उलटं, हा डोह. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. कणीक पार चिकट झाली होती. त्यांनी त्यात पीठ घातलं, पुन्हा मळली आणि त्याच डोंगराच्या पोळ्या लाटल्या. आमच्या घरी दोन्ही वेळ भात. तव्यावरून ताटात आलेली पोळी त्या दिवशी मी पोट भरल्यावरही खात होते, कारण काकू वाढायच्या थांबत नव्हत्या. त्यानंतर त्या घरात मागच्या दाराजवळ, खिडकीखाली, माझी बसायची जागा ठरून गेली. शेवटची एसटी चुकली तर मी तिथेच राहायचे, काकू डोक्याला तेल लावून द्यायच्या. मी माझ्या घरी खोटं कधी सांगितलं नाही. पण कोणी विचारलं असतं की तुझी घरं किती, तर मी दोन म्हणाले असते.

तुम्ही निवृत्त झालात आणि त्याच सुमारास तुमच्या भाच्याने परदेशातून ते यंत्र आणून दिलं. तिकडचे हौशी लोक मासे कुठे आहेत ते शोधायला वापरतात, असं तुम्ही सांगितलंत. तुम्हाला माशांशी काही करायचं नव्हतं. तुम्हाला तळ हवा होता. आपल्या झाडीपट्टीतली ही सगळी जुनी तळी, कोणी पिढ्यानपिढ्यांपूर्वी बांधलेली, आज वरून सगळ्यांना दिसतात, पण पोटात किती गाळ आणि किती पाणी हे कोणालाच माहीत नाही, हे तुम्ही येईल त्या पाहुण्याला सांगायचात. या सगळ्या तळ्यांच्या पोटाचं एक मोठं नकाशांचं पुस्तक करायचं, हे तुमचं स्वप्न. तुमचं म्हणजे आपलं. तुम्ही तेव्हा 'आपण' म्हणायचात. आपण हे तळं घेऊ, आपण ते घेऊ. आपण दोन डोंगे, खोडातून कोरलेल्या होड्या, डुलू नयेत म्हणून बांबूने एकमेकांना बांधले, मधल्या बांबूला यंत्राचा तो पाण्यात बुडणारा डोळा बांधला, ट्रॅक्टरची जुनी बॅटरी पाटीत ठेवली आणि निघालो. पडद्यावर तळाची काळी जाड रेष सरकत जायची. यंत्रातल्या कार्डावर खोलीही उतरायची आणि आपण तळ्यात नेमके कुठे आहोत तेही. घरी येऊन ते कार्ड तुमच्या संगणकात घातलं की ठिपक्यांचं रान उठायचं आणि त्या रानातून मी हाताने रेषा काढायचे.

एकदा तुम्ही मला फार बोललात. एका तळ्यात कमळं इतकी दाट होती की डोंगे आत जाईनात. आवाज वेलींनाच आपटून परत यायचा आणि यंत्र तिथेच तळ आहे असं दाखवायचं. मी घरी येऊन अंदाजाने त्या कमळांतून रेष ओढून घेतली, दोन्हीकडच्या रेषा जुळवल्या. छान दिसत होतं. तुम्ही बघितलंत, रबर उचललंत आणि कागद विरेपर्यंत ती रेष खोडलीत. "जिथे बोट गेली नाही तिथे पक्की रेष काढायची नाही," तुम्ही म्हणालात, "तुटक काढ, नाहीतर कोरं सोड. उद्या कोणीतरी या कागदावर विश्वास ठेवून पाण्यात उतरणार आहे." मी मागच्या दारात जाऊन रडले. संध्याकाळी निघताना तुम्ही माझ्या हातात एक चपटी पेटी ठेवलीत, तुमच्या विद्यार्थीदशेतल्या आखणीच्या पेनांची. कोपऱ्यात मखमल उडालेली. एसटीत मी ती पेटी मांडीवर उघडून बसले होते आणि शेजारच्या बाईने विचारलं, कोणाचं लग्न हाय काय, दागिने हायेत काय.

आणि मग आमचं तळं. मीच म्हणाले होते, आमचं घेऊ. माझ्या लोकांना मी काय शिकले ते दिसावं असं मला वाटत होतं. तुम्हाला आठवत असेल, आमच्या तळ्यात पाळीपासून दूर, बेशरमाच्या झुडपांच्या पलीकडे, कमळांखाली एक डोह होता. त्याला आमच्याकडे कोठी म्हणतात. उन्हाळ्यात तळं आटतं, चिखल भेगाळतो, पण कोठीत पाणी राहतं आणि मोठ्या मरळी, अंड्यावरच्या रोहू, सगळ्या तिथे जाऊन बसतात. पाऊस पडला की तिथूनच तळं पुन्हा भरतं. त्या दिवसांत कोठीवर कोणी जाळं टाकत नाही. मासेमारीचे ठेकेदार आले गेले, पण ती जागा मोहल्ल्याबाहेर कोणाला दाखवायची नाही असा कायदा होता, कोणी न केलेला. बाबा तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष. पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली बैठक बसली, तुमच्यासाठी शाळेतून खुर्ची आणली. तुम्ही छान समजावून सांगितलंत की गाळ कुठे साचला ते कळलं तर नेमका तिथलाच काढता येईल, कोठी बुजायची थांबेल. सगळे माना हलवत होते. बाबांनी तेवढी मान हलवली नाही. शेवटी म्हणाले, "सर, कोठी कागदावर उतरली, मंग ते कोठी राह्यते काय?" तुम्ही खुर्चीवरून उठलात. खाली त्यांच्या शेजारी बसलात आणि म्हणालात, "हा नकाशा तुमचा. तुमच्या पेटीत राहील. मी ही जागा कोणाला दाखवणार नाही, माझा शब्द." बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बाबांनी तुमच्या शब्दावर हो म्हटलं असं तुम्हाला वाटलं असेल, पण ते माझ्या मानेवर होतं.

त्या सकाळी बाबा स्वतः डोंग्यात बसले. हिवाळा होता, पाण्यावरून वाफ उठत होती. कमळं गळून गेली होती, त्यामुळे आपण आतपर्यंत गेलो. कोठीवर आलो तसा पडद्यावरचा तळ खाली खाली जायला लागला, पडद्याच्या बाहेरच गेला. तुम्ही बटण दाबून मोजपट्टी बदललीत आणि तळ पुन्हा दिसला. पुढे तो वर आला आणि पुन्हा खाली गेला. एक नव्हे, दोन डोह होते, आतून जोडलेले. बाबांना एकच माहीत होता. ते पडद्यावर वाकून बघत होते आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी त्याआधी त्यांच्या तोंडावर बघितलं नव्हतं. "एवढी मोठी हाय," ते म्हणाले, "आमाले माहीतच नाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू काढशीन न हे?" मी काढलं, सर. तुमच्या पेनांनी. आजवर काढलेल्या नकाशांत तो मला सगळ्यात चांगला जमला होता.

पुढच्या उन्हाळ्यात मी चंद्रपूरला एका खाजगी ऑफिसात नकाशे उतरवायच्या कामावर लागले होते. सावलीकडून मोठ्या रस्त्याचं काम सुरू झालं होतं आणि रस्त्याच्या ठेकेदाराला पाणी हवं होतं. आमच्या सरपंचाने त्याला पाळीजवळचं उरलंसुरलं पाणी घ्यायला परवानगी दिली, ते वाळून जाणारच होतं. सोसायटीनेही हरकत घेतली नाही. एका दुपारी ऑफिसात माझ्या काकाचा फोन आला. गावातल्या एसटीडी बूथवरून ओरडून बोलत होता, तरी मला एवढंच कळलं, "ये. कोठी चालली." मी तशीच निघाले. गावात उतरले आणि पाळीवर चढले तर तळ्याच्या मधोमध, बेशरमाच्या पलीकडे, पिंपांवर बांधलेली मोटार तरंगत होती. जाड पाइप चिखलावरून सापासारखा पाळीपर्यंत आलेला आणि खाली टँकरची रांग. मोटार कोठीच्या कडेला नव्हती, सर, बरोबर मधे होती, दोन डोह जिथे जुळतात तिथे.

मी ठेकेदाराच्या मुकादमाला विचारलं की ही जागा तुम्हाला कोणी सांगितली. भला माणूस होता बिचारा, त्याला माहीत नव्हतं मी कोण. मोठ्या कौतुकाने सांगायला लागला. "सावलीचे सर आले होते ना, रिटायर. सोता आमच्या बोटीत बसून जागा दाखवून गेले. म्हणे, इथी पाइप सोडा, कमी नाई पडणार. फार हुशार माणूस हाय." मला वाटलं तो दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतो आहे. मी बाबांकडे गेले. बाबा मोहाखाली उकिडवे बसले होते. ते म्हणाले, तुझे सर आले होते. मला वाटलं मोजायला आले. ऊन फार होतं, म्हणून घरी नेलं, तुझ्या मायनं चहा केला. त्यांनी चहा घेतला, तू चंद्रपूरला कशी आहेस ते विचारलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी मोटार आली.

मी त्या चहावर फार विचार केला आहे, सर. तुम्ही आधी जागा दाखवून आला होतात की चहा पिऊन मग गेलात, हे मी कधी विचारलं नाही. दोन्हींपैकी कुठलंही असलं तरी तुम्ही आमच्या ओसरीत, आईने नव्या कपबशीत आणलेला चहा प्यालात आणि बाबांच्या तोंडाकडे बघून माझी चौकशी केलीत. आजही मला त्याच्यापुढे जाता येत नाही. तिथेच अडून बसते.

मी गावातच थांबले. सोसायटीचे लोक सरपंचाकडे गेले, तहसीलला गेले. लेखी परवानगी तळ्याच्या पाण्याची होती आणि कोठी तळ्यातच होती. कागद कुठेच आमच्या बाजूने बोलला नाही. दोन डोह मुळाशी एक होते, त्यामुळे एकातून उपसलं की दुसराही उतरला. शेवटी शेवटी पाण्यात नुसत्या पाठी दिसायला लागल्या. आमच्या घरातल्या लहानग्यांना जी मरळ फक्त गोष्टीत माहीत होती, मांडीएवढी, ती चिखलात श्वास घ्यायला तोंड वर काढून पडलेली. बगळे इतके उतरले की चिखल पांढरा दिसत होता. बायका टोपल्या घेऊन उतरल्या, कारण नाहीतरी ते मरणारच होतं. एरवी मासे पडले की आमच्या बायकांच्या तोंडाला खळ नसतो. त्या दिवशी कोणी कोणाशी बोललं नाही. संध्याकाळी मोहल्ल्यातल्या प्रत्येक चुलीवर मासे शिजत होते आणि बाबांनी मिठासोबत भात खाल्ला. मी पाणी भरायला गेले की बाया आपापली पाण्याची गुंडी बाजूला घेऊन मला जागा करून द्यायच्या, पाहुणीला देतात तशी.

दुसऱ्या सकाळी मी तुमच्याकडे आले. काकूंनी दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. तुम्ही संगणकासमोर होतात. मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, मला माहीत नव्हतं एवढं उपसतील. किंवा म्हणाल, चूक झाली. मी ते ऐकायलाच आले होते, ते ऐकून घेऊन रडायला आणि परत जायला. तुम्ही खुर्ची वळवलीत आणि मला समजावून सांगायला लागलात. ठेकेदाराकडे इंजिनाची बोट आहे. तो ती आपल्याला पावसाळ्यानंतर देणार आहे. पुस्तकासाठी राहिलेलं मोठं धरण डोंग्यावरून होणार नाही, हे तुलाही माहीत आहे. इंजिनाची बोट मिळाली की जिल्ह्यातली सगळी मोठी तळी मोजून होतील, पुस्तक पुरं होईल. एका तळ्याचं एका उन्हाळ्याचं पाणी. पाऊस आला की भरेल.

मी म्हणाले, "सर, तुम्ही बाबांना शब्द दिला होता."

तुम्ही चष्मा काढून पुसलात. मग म्हणालात, "तळं सरकारचं आहे. खोली माझ्या यंत्राने मोजली. तुम्हा लोकांचं काय गेलं त्यात?"

तुम्हा लोकांचं. तोपर्यंत मी 'आपण' होते. कणकेच्या डोंगरापासून मी 'आपण' होते, बांधलेल्या डोंग्यांवर मी 'आपण' होते. त्या एका वाक्यात तुम्ही मला उचलून मोहल्ल्यात नेऊन ठेवलंत, आणि मोहल्ल्यात तर मी आधीच पाहुणी झाले होते. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. मी तांब्याला तोंड न लावता निघाले. पेनांची पेटी पिशवीत होती, परत द्यायला आणलेली. तीही तशीच घेऊन गेले, द्यायचं सुचलंच नाही.

पाऊस आला आणि तळं भरलं, तुम्ही म्हणालात तसं. पाणी भरलं. मासे भरायला फार वर्षं गेली, आणि मोठ्या मरळी तर परत आल्याच नाहीत. उपशामुळे कोठीच्या कडा ढासळल्या, दर पावसाळ्यात गाळ आत उतरत राहिला. आमचे बरेच जण वडशाकडे भाताच्या गिरण्यांवर हमालीला गेले. आधी मी घरी गेले की बाबा सांगायचे, आज कुठी जाळं टाकलं, काय लागलं, पाणी कसं फिरून राह्यलं. ते थांबलं. मी ओसरीत आले की तळ्याचं बोलणं मधेच सोडून ते तब्येतीचं, पावसापाण्याचं बोलायला लागायचे. हे त्यांनी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. एवढंच की ज्या माणसापुढे तळ्याचं बोलू नये अशा माणसांत मी गेले होते. सर, पाणी तुम्ही ठेकेदाराला दिलंत ते दिलंत. हे जे गेलं ते तुम्हाला माहीतसुद्धा नव्हतं.

तुमचं पुस्तक झालं नाही, हे मला उडत उडत कळत होतं. ठेकेदाराने एक हिवाळा बोट दिली, मग रस्ता पुरा झाला आणि त्याचा सगळा संसार दुसऱ्या जिल्ह्यात गेला, बोटीसकट. अर्धं धरण तुटक रेषांचंच राहिलं म्हणे. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा, खोटं कशाला बोलू. मग काकूंचा निरोप आला की तुम्ही चंद्रपूरच्या दवाखान्यात आहात आणि माझं नाव काढता. मी दोन दिवस गेले नाही, तिसऱ्या दिवशी गेले. तुम्ही फार वाळला होतात. मला बघून उठून बसायला गेलात. मला वाटलं, आता. तुम्ही विचारलंत, नव्या संगणकात वेलींचा खोटा तळ कसा काढतात. मी सांगायला लागले. तुम्ही विचारत गेलात, मी सांगत गेले. मऊ गाळात आवाज आत शिरतो तिथे काय करता, पाण्याची पातळी रोज उतरते ती कशी जुळवता. नर्स येऊन गेली, काकू येऊन गेल्या, आपण दोघं तळाबद्दल बोलत होतो. मी निघाले तेव्हा तुम्ही म्हणालात, "तू आता माझ्यापेक्षा चांगलं काढतेस." किती वर्षं मी या वाक्याची वाट बघितली होती. आणि ते आलं तेव्हा मला दुसरंच वाक्य हवं होतं. मी थोडा वेळ दारात उभी राहिले. तुम्ही डोळे मिटलेत. झोपला होतात की नाही ते मला माहीत नाही. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. मी अंत्ययात्रेला आले होते, मागे होते, बायकांत. काकूंना भेटले नाही.

आता या वेळचं सांगते. सोसायटीची अध्यक्ष आता एक बाई आहे, माझ्याच वर्गातली. कोठी पुन्हा खोदायचं त्यांनी ठरवलं आहे, पण पेटीतला तो जुना नकाशा वाळवीने कधीच खाल्ला आणि गाळाखाली जुने डोह नेमके कुठे आणि किती रुंद होते हे आता कोणाला सांगता येत नाही. पुन्हा मोजायला कोणाला बोलवायचं यावर बैठक अडली, असं तिनेच मला सांगितलं. मग बाबा बोलले. आता त्यांना कमी दिसतं, बैठकीला येतात ते सवयीने. ते म्हणाले, "तिलेच करू द्या. तिचंच हाय ते." बस, एवढंच.

मी गेले. बाबा डोंग्यात बसले नाहीत, पाळीवर बसून राहिले. कोठी आता परातीसारखी उथळ झाली आहे. पण गाळ मऊ असल्यामुळे आवाज थोडा आत जातो आणि खाली जुन्या तळाची पुसट दुसरी रेष दिसते. मी ती काढली. मोहाखाली सगळ्यांसमोर कागद अध्यक्षबाईच्या हातात दिला, कार्डही दिलं, आणि माझ्या संगणकात उतरलेलं सगळं त्यांना दाखवून पुसून टाकलं. कोणी मागितलं नव्हतं. बाबांना पडद्यावरचं काही दिसलं नसेल. पण संध्याकाळी जेवताना त्यांनी मला सांगितलं की सांडव्याच्या अंगाने परवा एक मरळ लागली होती, लहानच, ती त्यांनी सोडून दिली. मी मान खाली घालून भात खात राहिले. आईने आणखी वाढलं.

काकू आता नागपूरला मुलाकडे असतात. हे सगळं लिहून झाल्यावर त्यांना पाठवावं असं एकदा वाटलं. पण त्या वाचतील आणि चहापाशी येतील, आणि त्यांना तो चहा माहीत नसावा असं मला वाटतं. असू दे इथेच.

आणि सर, एक उरलं. ती इंजिनाची बोट मलाही हवी होती. धरण मलाही बघायचं होतं, तुमच्याइतकंच, कदाचित जास्त. त्या उन्हाळ्यात तुम्ही चोरून गेला नसतात, आधी चंद्रपूरला माझ्याकडे आला असतात आणि नुसतं विचारलं असतंत, दाखवू का त्याला आपली कोठी, तर मी हो म्हणाले असते. बाबांना न विचारता.